कोसळलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा: लिनक्सवरील क्रॅश डंप किती ठेवावेत, केव्हा पुसावेत?

सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरल्याचा इशारा बहुधा आडवेळी येतो. ज्याच्यावर त्या यंत्राची जबाबदारी असते तो झोपेतून उठून लॉगइन करतो आणि सर्वांत मोठ्या फाइली शोधू लागतो. यादीच्या अग्रभागी ‘कोअर’ या नावाने सुरू होणाऱ्या, प्रत्येकी कित्येक गिगाबाइटच्या फाइली दिसतात. त्या एका आज्ञेसरशी पुसल्या जातात, इशारा थांबतो आणि सारे पुन्हा निजतात. दोन दिवसांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा कोसळतो, आणि तो का कोसळला हे सांगणारे काहीही हाताशी उरलेले नसते.

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या अनेक वाचकांना हा प्रसंग परिचयाचा असेल. घरी छोटा सर्व्हर चालवणाऱ्या हौशी मंडळींनाही तो चुकत नाही. क्रॅश डंप हा अपघातस्थळाचा पंचनामा असतो. तो फाडून टाकला तर अपघाताचे कारण कळत नाही. असे सगळेच पंचनामे साठवत राहिलो तर कचेरीत बसायला जागा उरत नाही. शिवाय त्यात लोकांची गुपिते नोंदलेली असतात, म्हणून तो उघड्यावर टाकताही येत नाही. मर्यादा, निवड आणि गोपनीयता या तिन्हींचा विचार डिस्क भरण्यापूर्वीच करून ठेवणे, हाच या प्रश्नावरील खरा उपाय आहे.

(या लेखात आज्ञांची व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती रोमन लिपीत टंकावी लागतात.)

डंप म्हणजे नेमके काय?

एखादा प्रोग्रॅम आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात घालतो, तेव्हा लिनक्सचा कर्नल त्याला ‘सिगसेग्व’ नावाचा, ११ क्रमांकाचा संकेत पाठवून तत्काळ थांबवतो. कधी प्रोग्रॅमला स्वतःलाच आपली अवस्था बिघडल्याचे उमगते आणि तो ‘सिगअबॉर्ट’ हा ६ क्रमांकाचा संकेत घेऊन स्वतःचा शेवट करतो. अशा प्रसंगी त्या क्षणी प्रोग्रॅमच्या मेमरीत जे काही होते, त्याची प्रत कर्नल एका फाइलीत उतरवू शकतो. हाच कोअर डंप.

‘कोअर’ हा शब्द जुन्या काळाचा वारसा आहे. १९५०च्या दशकापासून जवळपास दोन दशके संगणकाची मुख्य मेमरी चुंबकीय कड्यांची बनलेली असे, आणि त्या कड्यांना कोअर म्हणत. कडी इतिहासजमा झाली, नाव मात्र राहिले.

या फाइलीत प्रोग्रॅम कोणत्या ओळीवर थांबला, तेथवर कोणकोणत्या फंक्शनांतून आला आणि त्या वेळी चलांमध्ये कोणती मूल्ये होती, हे सर्व असते. ‘जीडीबी’सारख्या डीबगरने ती उघडली की मृत प्रोग्रॅमची अखेरची अवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. महिन्यातून एकदाच घडणारा आणि प्रयोगशाळेत काही केल्या पुन्हा न घडणारा बिघाड शोधायचा असेल, तर यासारखे दुसरे साधन नाही.

फाइली इतक्या मोठ्या का होतात?

डंप मेमरीची प्रत असल्यामुळे प्रोग्रॅम जितकी मेमरी वापरतो, साधारण तितकाच त्याचा आकार असतो. त्यातही एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डंपात मेमरीचे कोणते प्रकार घ्यायचे, हे प्रत्येक प्रोसेससाठी असलेल्या ‘कोअरडंप फिल्टर’ या मूल्यावर ठरते. त्याचे मूळ मूल्य षोडशमान पद्धतीत ३३ असते आणि त्यात अनेक प्रोसेसनी मिळून वापरलेली, कोणत्याही फाइलीशी न जोडलेली सामायिक मेमरीही येते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण घ्या. त्याची सामायिक मेमरी १६ जीबी ठरवलेली असेल, तर जेमतेम काही मेगाबाइट स्वतःची मेमरी वापरणारी त्याची एखादी छोटी प्रोसेस कोसळली तरी डंप १६ जीबीच्या घरात जाऊ शकतो. फिल्टरचे मूल्य ३३ ऐवजी ३१ केले, की हा सामायिक भाग वगळला जातो. मात्र बिघाड त्याच भागात असेल, तर पुरावाही त्यासोबत जातो. म्हणून हा बदल विचारपूर्वक करावा.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. बहुतेक सर्व्हरांवर सेवा कोसळली की ‘सिस्टमडी’ ती पुन्हा सुरू करते. ८ जीबी मेमरी घेणारी सेवा दर पाच मिनिटांनी कोसळत असेल, तर तासाला १२ डंप म्हणजे ९६ जीबी होतात. कोणतीही मर्यादा नसेल, तर ५०० जीबीची रिकामी डिस्क सव्वापाच तासांत भरते. सिस्टमडीला यावर एक लगाम आहे. मूळ मांडणीत १० सेकंदांत पाच वेळा सुरू झालेली सेवा ती पुन्हा सुरू करत नाही. परंतु पाच मिनिटांच्या अंतराने कोसळणारी सेवा या जाळ्यात कधीच सापडत नाही. तिच्यासाठी कालावधी तासाभराचा आणि मोजदाद त्या मानाने ठरवावी लागते.

डिस्क भरली की नुकसान त्या एका प्रोग्रॅमपुरते राहत नाही. लॉग लिहिले जात नाहीत, टपाल अडते, डेटाबेसला आपली नोंद करता येत नाही आणि तोही बंद पडतो. एकाच्या पंचनाम्याने दुसऱ्याचा बळी जातो. ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत मूळ मांडणीनुसार पाच टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखीव असते. त्यामुळे सेवा ठप्प झाल्या तरी प्रशासकाला आत जाऊन साफसफाई करता येते. एवढाच काय तो श्वास घ्यायला अवकाश.

डंप जातात कोठे?

याचे उत्तर ‘/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ या फाइलीत असते. तीत नुसते नाव असेल, तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरात चालू होता तेथेच डंप पडतो. म्हणूनच काही वेळा तो अगदी अनपेक्षित जागी सापडतो. ओळीचा आरंभ उभ्या रेघेने होत असेल, तर कर्नल तो डंप त्या रेघेपुढे नाव दिलेल्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवतो.

फेडोरा, आर्च, ओपनसुसे आणि रेड हॅटच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हे काम ‘सिस्टमडी-कोअरडंप’ करते. ते डंप दाबून लहान करते आणि ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप’ येथे ठेवते. उबुंटूवर ‘अ‍ॅपोर्ट’ हा कार्यक्रम ‘/व्हार/क्रॅश’ येथे अहवाल लिहितो, आणि त्याची रोजची सफाई सात दिवसांहून जुने अहवाल काढून टाकते. डेबियनच्या साध्या मांडणीत वापरकर्त्याची डंप-मर्यादा सहसा शून्य असते, म्हणजे डंप पडतच नाही. ‘यूलिमिट -सी’ ही आज्ञा ती मर्यादा दाखवते.

कंटेनर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोअर_पॅटर्न ही संपूर्ण कर्नलची एकच मांडणी आहे, प्रत्येक कंटेनरसाठी ती वेगळी नसते. कंटेनरच्या आत कोसळलेल्या प्रोग्रॅमचा डंप कोठे जाईल, हे यजमान यंत्र ठरवते.

कर्नल स्वतःच कोसळला तर प्रकरण आणखी वेगळे होते. त्यासाठी ‘केडंप’ ही व्यवस्था आहे. ती २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत आली. यंत्र सुरू होतानाच थोडी मेमरी बाजूला राखली जाते. मुख्य कर्नल कोसळला की त्या राखीव जागेतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी ‘व्हीएमकोअर’ नावाच्या फाइलीत लिहितो. २५६ जीबी मेमरीच्या यंत्राची पूर्ण प्रत २५६ जीबीची होईल. म्हणून ‘मेकडंपफाइल’ हे साधन ३१ या गाळणी-पातळीवर शून्यांनी भरलेली पाने, फाइलींची कॅश, वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमांची मेमरी आणि मोकळी पाने वगळते. उरलेला भाग मूळ आकाराच्या मानाने पुष्कळच लहान असतो.

आधी मोजावे, मग हात घालावा

‘डीएफ -एच’ ही आज्ञा प्रत्येक विभाजनात किती जागा उरली ते सांगते. ‘डीयू’ ही आज्ञा एखादे फोल्डर किती जागा घेते ते सांगते. डंपांच्या बाबतीत ‘एलएस -एल’ने दाखवलेल्या आकारावर मात्र विसंबू नये. कोअर फाइल पुष्कळदा विरळ असते, म्हणजे तिच्यातील रिकामे भाग डिस्कवर प्रत्यक्षात लिहिलेले नसतात. ‘एलएस’ १० जीबी दाखवील आणि ‘डीयू’ २ जीबी सांगेल. खरी जागा ‘डीयू’ सांगते. अशी फाइल दुसरीकडे नेताना साधनाला विरळपणा राखण्यास सांगितले नाही, तर तीच फाइल नव्या जागी पूर्ण १० जीबी घेऊन बसते.

उलट, पुष्कळ फाइली पुसूनही ‘डीएफ’चा आकडा हलत नाही, असेही घडते. एखाद्या चालू प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवली असेल, तर ती पुसली तरी तिची जागा तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइलींची यादी देते. जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नसेल, तर ‘डीएफ -आय’ने आयनोड संपले आहेत का ते पाहावे.

डंपच दोषी आहेत असे गृहीत धरण्याआधी सिस्टमडीच्या जर्नलकडेही एक दृष्टी टाकावी. त्याची मूळ मर्यादा विभाजनाच्या १० टक्के, पण कमाल ४ जीबी असते. ‘जर्नलसीटीएल’च्या ‘व्हॅक्यूम-साइज’ या पर्यायाने तो कमी करता येतो. पण तपास चालू असताना तो छाटू नये, कारण अपघाताच्या आधीचा घटनाक्रम तेथेच असतो.

पुसण्यापूर्वी काय वाचवावे?

सिस्टमडी असलेल्या यंत्रावर ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ ही आज्ञा आजवरच्या क्रॅशांची यादी देते. त्यात वेळ, प्रोसेस क्रमांक, वापरकर्ता, संकेत आणि प्रोग्रॅमचे नाव असते. फाइल शिल्लक आहे, गेली आहे की अर्धवट आहे, याचाही एक रकाना असतो. ‘कोअरडंपसीटीएल इन्फो’ एखाद्या क्रॅशमधील फंक्शनांची साखळी दाखवते. ही नोंद जर्नलमध्ये असल्यामुळे डंपाची फाइल पुसल्यावरही ती टिकते. ती असते काही किलोबाइटची, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच निदान होते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम यादी पाहून क्रॅश गटवार लावावेत. एकाच प्रोग्रॅमचे, एकाच संकेताचे, एकाच फंक्शनात थांबलेले पन्नास डंप हे पन्नास पुरावे नसतात. तो एकच पुरावा पन्नास वेळा लिहिलेला असतो. अशा प्रत्येक गटातील पहिला आणि शेवटचा डंप राखावा. पहिला अशासाठी की तो बहुधा सर्वांत निर्मळ असतो, त्यानंतरचे क्रॅश आधीच बिघडलेल्या अवस्थेतून उद्भवलेले असू शकतात. शेवटचा अशासाठी की मधल्या काळात काही बदलले असल्यास ते ताडून पाहता येते. मधले पुसायला हरकत नाही.

राखलेल्या डंपासोबत त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती आणि तिची डीबग-चिन्हे जपणे तितकेच आवश्यक आहे. पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅम अद्ययावत झाला आणि जुनी प्रत गेली, तर डंप उघडेल, पण फंक्शनांच्या नावांऐवजी निव्वळ आकडे दिसतील.

मर्यादा आधीच आखाव्यात

सिस्टमडी-कोअरडंपच्या मर्यादा ‘/ईटीसी/सिस्टमडी/कोअरडंप.कॉन्फ’ या फाइलीत असतात. ‘मॅक्सयूज’ म्हणजे सर्व डंपांनी मिळून घ्यावयाची कमाल जागा. काही न लिहिल्यास ती डिस्कच्या १० टक्के धरली जाते. ‘कीपफ्री’ म्हणजे काहीही झाले तरी मोकळी ठेवायची जागा, आणि तिचे मूळ मूल्य १५ टक्के आहे. मर्यादा ओलांडली की जुने डंप आपोआप जातात. येथे एक विसंगती दडलेली आहे: आपोआप जाणारा डंप हा जुना, म्हणजे पुष्कळदा आपल्याला हवा असलेला पहिलाच असतो. त्यामुळे महत्त्वाचा डंप या फोल्डरात न ठेवता वेळीच अन्यत्र हलवावा.

‘प्रोसेससाइजमॅक्स’ आणि ‘एक्स्टर्नलसाइजमॅक्स’ ही मूल्ये एकेका डंपाच्या आकाराला आळा घालतात. ६४ बिटांच्या यंत्रांवर, नव्या आवृत्त्यांत, ती मुळात ३२ जीबी असतात. लहान डिस्कच्या भाड्याच्या सर्व्हरवर हा आकडा निरर्थक आहे, तेथे २ जीबीसारखे मूल्य योग्य ठरते. डंप ठेवायचाच नसेल, पण क्रॅशची नोंद हवी असेल, तर ‘स्टोरेज’चे मूल्य ‘नन’ करावे. फाइल ठेवली जात नाही, नोंद मात्र जर्नलमध्ये राहते. घरगुती सर्व्हरसाठी हा मध्यममार्ग उत्तम. या फाइलीतील बदल पुढच्या क्रॅशपासून लागू होतो, यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही.

वयाची मर्यादा वेगळी असते. ‘सिस्टमडी-टेम्पफाइल्स’ ही सफाई नव्या आवृत्त्यांत दोन आठवड्यांहून जुने डंप काढते. जुन्या आवृत्त्यांत हा अवधी अवघा तीन दिवसांचा होता. शुक्रवारी रात्री पडलेला डंप मंगळवारी शोधू गेल्यास का सापडत नसे, याचे उत्तर यात आहे.

मोठ्या कामाच्या सर्व्हरांवर सर्वांत भक्कम उपाय म्हणजे डंपांसाठी स्वतंत्र विभाजन. ते भरले तर फार तर नवा डंप लिहिला जाणार नाही, डेटाबेसला धक्का लागणार नाही. केडंपच्या फाइली तर जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावरही लिहिता येतात.

मेमरीत गुपिते असतात

जागेचा प्रश्न सोडवणे सोपे असते, गोपनीयतेचा तितका सोपा नसतो. मेमरीची प्रत म्हणजे त्या क्षणी मेमरीत असलेले पासवर्ड, गुप्तकळा, ग्राहकांची नावे, कार्डांचे क्रमांक, अर्धवट लिहिलेली पत्रे, सर्व काही.

याचे गांभीर्य २०२३ साली जगापुढे आले. त्या वर्षी चीनस्थित ‘स्टॉर्म-०५५८’ या गटाने मायक्रोसॉफ्टच्या एका स्वाक्षरी-कळीच्या आधारे अमेरिकी परराष्ट्र खात्यासह अनेक संस्थांच्या ईमेलमध्ये प्रवेश मिळवला. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाच्या अहवालानुसार २२ संस्था आणि ५००हून अधिक व्यक्तींना त्याची झळ बसली. सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने असे म्हटले होते की एप्रिल २०२१मधील एका क्रॅश डंपात ती कळी राहून गेली असावी आणि तो डंप बंदिस्त जाळ्यातून डीबगिंगच्या जागी हलवला गेला असावा. मार्च २०२४मध्ये कंपनीने हे निवेदन सुधारले आणि ती कळी असलेला डंप आपल्याला सापडलेला नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा दोष डंपाचाच होता, असे म्हणता येत नाही. पण जगातील एका बलाढ्य कंपनीलाही तो मार्ग संभवनीय वाटला, हे पुरेसे बोलके आहे.

लिनक्सपुरते बोलायचे, तर मे २०२५मध्ये क्वालिस या सुरक्षा-संस्थेने अ‍ॅपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडंप या दोहोंतील एकेक त्रुटी उघड केली. विशेषाधिकाराने चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम कोसळवून, क्षणाच्या अंतराचा फायदा घेत त्याचा डंप सामान्य वापरकर्त्याला वाचता येत असे, आणि त्यातून पासवर्डांचे कूटरूप हाती लागत असे. दुरुस्त्या उपलब्ध आहेत. दुरुस्ती लागू करणे शक्य नसेल तेथे ‘सूइड_डंपेबल’ हे कर्नलमधील मूल्य शून्य केल्यास अशा प्रोग्रॅमांचे डंप पडणेच थांबते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हातीही एक उपाय आहे. २०१२च्या ३.४ आवृत्तीपासून मेमरीचा ठरावीक भाग डंपातून वगळण्याची खूण लिनक्समध्ये आहे. गुप्तकळा अशा भागात ठेवल्या, तर डंप फुटला तरी त्या बाहेर पडत नाहीत.

परदेशातील आपल्या वाचकांसाठी याला कायद्याचीही बाजू आहे. ग्राहकाची माहिती असलेला डंप युरोपीय संघाच्या व ब्रिटनच्या जीडीपीआरच्या कक्षेत येतो. अशी माहिती फुटली आणि लोकांच्या हक्कांना धोका संभवत असला, तर नियामकाला सहसा ७२ तासांत कळवावे लागते. भारतातही २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. लंडनच्या सर्व्हरवर पडलेला डंप तपासणीसाठी पुण्यातील सहकाऱ्याकडे पाठवणे हे अनेक कंपन्यांतील नित्याचे काम. ते करताना एका देशातील लोकांची माहिती दुसऱ्या देशात जात आहे, हे भान सुटता कामा नये. शक्य तेथे डंप जागीच उघडावा आणि फक्त फंक्शनांची साखळी पाठवावी. डंप पाठवणे अपरिहार्यच असेल, तर तो कूटबद्ध करावा, कोणाला दिला याची नोंद ठेवावी आणि काम झाल्यावर दोन्हीकडून पुसावा.

आजच पाहण्याजोगे

आपल्या ताब्यातील यंत्रावर कोअर_पॅटर्न काय आहे, डंपांनी सध्या किती जागा घेतली आहे, तिची कमाल मर्यादा किती, आणि ते फोल्डर कोणाकोणाला वाचता येते, ही चार उत्तरे शोधायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पाचवा प्रश्न माणसांचा आहे: डंप पडला की तो कोण पाहणार आणि किती दिवसांत? ज्या कार्यालयात याला उत्तर नसते, तेथे कितीही मोठी डिस्क घेतली तरी ती न वाचलेल्या पंचनाम्यांनीच भरते.